मातृभाषेचा रकाना आणि इंग्रजीचे गुण

शाळा सोडल्याचा दाखला आपणांपैकी प्रत्येकाने कधी ना कधी हातात घेतला आहे. नाव, आईचे नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख या रकान्यांवरून आपण दोनदोनदा नजर फिरवतो. एखादे अक्षर चुकले तर पुढे जातपडताळणीच्या वेळी किती खेटे घालावे लागतात, हे आपल्या समाजाला कोणी सांगायला नको. त्याच दाखल्यावर ‘मातृभाषा’ असाही एक रकाना असतो. त्याच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. प्रस्तुत स्मरणिकेच्या कामासाठी आम्ही भाषाशिक्षकांनी आपल्या विद्यालयाची जुनी दाखल-खारीज रजिस्टरे चाळली, तेव्हा पानामागून पान या रकान्यात एकच शब्द आढळला : मराठी. पहिल्या नावापुढे तो पूर्ण लिहिलेला आणि खाली पानभर ‘वरीलप्रमाणे’ची खूण.

वस्तुस्थिती तशी नव्हती आणि आजही नाही. मारेगाव, झरी जामणी आणि वणी तालुक्यांतील पोडांवरून येणारे मूल घरी कोलामी बोलते. कोणाच्या घरी गोंडी आहे. तांड्यावरून आलेली मुले रात्री वसतिगृहाच्या ओट्यावर गोरमाटीत भांडतात आणि गोरमाटीतच समेट करतात. राजूर कॉलरीत तेलुगू आणि हिंदी बोलणारी कुटुंबे खाणीच्या कामासाठी आली आणि इथलीच झाली. ज्यांची मातृभाषा खरोखर मराठी आहे, त्यांचीही मराठी वऱ्हाडी वळणाची. पुस्तकातली मराठी त्यांना पहिल्यांदा शाळेतच भेटते. म्हणजे ज्या इंग्रजीबद्दल आपण पालकसभेत तासन् तास बोलतो, ती कोणाची दुसरी, कोणाची तिसरी, तर एखाद्या मुलाची चौथी भाषा आहे. रजिस्टर मात्र सर्वांना एकाच रेषेवर उभे करते, आणि मग शर्यत लावली जाते.

हा रकाना आजच आठवावा याला कारण आहे. सेमी इंग्रजीचा विस्तार करावा, शक्य झाल्यास पुढे विद्यालयाचे संपूर्ण माध्यमच इंग्रजी करावे, अशी मागणी माजी विद्यार्थी आणि पालक यांच्याकडून वरचेवर होते. या मागणीची आम्ही टिंगल करणार नाही. आमच्यापैकी काहींची स्वतःची मुले वणीच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांत जातात. हे कबूल न करता पुढे लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्यांच्या आजोबांना पाटीपेन्सिल मिळाली नाही, त्यांनी नातवासाठी इंग्रजी मागितली तर त्यात चूक काय? सावित्रीबाईंनी १८५४ साली ‘काव्यफुले’ प्रसिद्ध केले, त्यातही इंग्रजीला माउली म्हटले आहे. प्रश्न इंग्रजी हवी की नको, हा नाहीच. मुलाला इंग्रजी किती येते हे आपण कसे ठरवतो आणि ठरवल्यावर त्या मुलाचे काय करतो, हा प्रश्न आहे. तो आजवर आपण विचारलेला नाही.

आपल्याकडची पद्धत अशी आहे. आठवीच्या आरंभी इंग्रजीची पंचवीस गुणांची एक लेखी चाचणी होते. तीत ज्यांना बरे गुण मिळतात त्यांना गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवणाऱ्या तुकडीत घेतात. बाकीचे दुसऱ्या तुकडीत. ही चाचणी बाहेरून कोणी लादलेली नाही. ती आम्हीच काढली, आम्हीच तपासली आणि कित्येक वर्षे तिच्याविषयी आमच्या मनात शंकाही आली नाही.

शंका आली ती एका मुलीमुळे. पोडावरून आलेली, अत्यंत अबोल. चाचणीत तिला पंचवीसपैकी सात गुण मिळाले आणि ती दुसऱ्या तुकडीत गेली. त्याच वर्षी पावसाळ्यात वसतिगृहात तापाची साथ आली आणि तपासणीसाठी वैद्यकीय पथक आले. लहान मुलींना आपले दुखणे मराठीत धड सांगता येईना. तेव्हा ही मुलगी न बोलावता पुढे झाली. मुलींचे कोलामीतले बोलणे तिने डॉक्टरांना मराठीत सांगितले, डॉक्टरांच्या सूचना उलट कोलामीत समजावल्या, आणि गोळ्यांच्या पाकिटावरचे ‘आफ्टर फूड’, ‘ट्वाइस अ डे’ वाचून कोणती गोळी केव्हा घ्यायची ते प्रत्येकीला नीट सांगितले. तीन भाषांमधला हा व्यवहार आमच्या डोळ्यांदेखत तासभर चालला होता. आम्ही कौतुक केले, खाऊ दिला. तुकडी मात्र बदलली नाही. निकाल लागलेला होता. दहावीत तिला गणितात चांगले गुण मिळाले. तरीही विज्ञानशाखेला जावे का, असे विचारायला ती आली तेव्हा ‘तिथे सगळे इंग्रजीत असते, तुला झेपणार नाही’ असे आम्हीच तिला सांगितले. आज ती जिथे आहे तिथे मानाने काम करते. पण तो सल्ला कशाच्या आधारावर दिला, असे कोणी विचारले तर आमच्याजवळ सात या आकड्यापलीकडे उत्तर नाही.

तो आकडा कशाचा होता, हे नंतर त्या जुन्या प्रश्नपत्रिका पुढ्यात घेऊन पाहिले. गाळलेल्या जागा, विरुद्धार्थी शब्द, अनेकवचने, स्पेलिंग आणि ‘माय इंग्लिश बुक’मधल्या धड्याखालची प्रश्नोत्तरे. जवळजवळ सारे काही पाठ करून येण्याजोगे. ज्याला सुट्टीत वणीला शिकवणी मिळाली, ज्याच्या घरी थोरल्या बहिणीच्या वह्या होत्या, त्याचे पारडे आधीच जड. ऐकून समजते का, बोलता येते का, न शिकवलेला मजकूर वाचून अर्थ लावता येतो का, याचा त्या कागदावर मागमूस नव्हता. भाषेची चाचणी म्हणून आम्ही पाठांतराची आणि घरच्या परिस्थितीची चाचणी घेत होतो.

गंमत अशी की आमच्या राजूरचे मूल इंग्रजी शब्दांतच वाढते. शिफ्ट, ड्युटी, ओव्हरटाइम, ब्लास्टिंग, डंपर, लोडर, सायडिंग, पेमेंट : हे शब्द त्याला कोणी शिकवलेले नसतात. चुन्याच्या भट्टीवर आईबरोबर बसलेल्या पोरालाही ट्रक ‘रिव्हर्स’ येतो म्हणजे कोणीकडे सरकायचे ते कळते. एकदा वर्गात ‘द बुक इज माइन’ या वाक्याचा अर्थ विचारला. एक मुलगा उभा राहून म्हणाला, ‘पुस्तक खाण हाय.’ वर्ग हसला, आम्हीही हसलो आणि शून्य दिला. वास्तविक त्या मुलाला माइन या शब्दाचा एक खरा, पक्का, घरचा अर्थ ठाऊक होता. दुसरा तेवढा शिकवायचा राहिला होता. शून्याच्या जागी ‘अर्धा रस्ता चालून आला आहे’ असे लिहिण्याची सोय आमच्या गुणपत्रकात नव्हती.

याच्या उलट प्रकारही पाहिला आहे. सेमीच्या तुकडीतला एक चुणचुणीत मुलगा. पाहुणे आले की इंग्रजीत स्वागत करायला त्यालाच पुढे करायचे. गणिताच्या पेपरात ‘फाइंड द डिफरन्स बिट्वीन ट्वेंटी अँड ट्वेल्व’ असा प्रश्न होता. त्याने उत्तर लिहिले की वीस मोठे आहे आणि बारा लहान आहे. ‘डिफरन्स’ म्हणजे फरक, हे त्याला माहीत होते. गणितात त्याचा अर्थ वजाबाकी, हे नव्हते. टेबल म्हणजे मेजही आणि पाढाही, ऑड म्हणजे विचित्रही आणि विषमही. बोलण्याची इंग्रजी आणि विषय शिकण्याची इंग्रजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये हा भेद मांडला. परभाषेत व्यवहारापुरते बोलायला मूल साधारण दोन वर्षांत शिकते, पण त्या भाषेत विषय समजून घेण्याइतकी पकड यायला पाच किंवा त्याहून अधिक वर्षे लागतात, असे त्यांच्या आणि त्यानंतरच्या अभ्यासांतून दिसले आहे. हा काळही अशा देशांतला, जिथे शाळेबाहेरही चहूकडे इंग्रजीच कानावर पडते. आपण पंचवीस गुणांच्या एका कागदावर आठवीच्या जून महिन्यात निकाल देतो. त्यात अबोल मुलगी बाद होते, बोलका मुलगा पास होतो, आणि नुकसान दोघांचेही होते.

चुकांकडे पाहण्याची आमची दृष्टीही तपासायला हवी. कोलामी घरातले मूल इंग्रजीत बहिणीसाठी ‘ही’ किंवा ‘इट’ लिहिते तेव्हा आमच्या तोंडून ‘साधे एवढेही कळत नाही’ असे निघून जाते. कोलामी ही द्राविड कुळातील भाषा. तिच्यात लिंगे दोनच : पुरुषांसाठी एक आणि उरलेल्या सर्वांसाठी, म्हणजे स्त्रिया, जनावरे आणि वस्तू यांच्यासाठी, दुसरे. त्या घडणीत वाढलेले मूल आधी मराठीच्या तीन लिंगांत अडखळते आणि मग इंग्रजीच्या ‘ही, शी, इट’मध्ये. ही चूक अज्ञानाची नाही. एका भाषेचे व्याकरण पक्के असल्याची ती खूण आहे, आणि ते शिक्षकाला ठाऊक असेल तर दहा मिनिटांत दुरुस्त करता येते. ठाऊक नसेल तर मूल दहा वर्षे ‘कच्चे’ राहते. कोलामीचे सविस्तर व्याकरण कॅलिफोर्निया विद्यापीठातील मरे एमेनो यांनी लिहिले आणि ते १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील कोलामी आपल्या शेजारच्या वर्धा भागातली आहे. सातासमुद्रापलीकडे त्या भाषेचा ग्रंथ झाला. आमच्या रजिस्टरात तिच्या नावाला एक ओळ मिळाली नाही.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर तिथल्या सरकारी शाळांतील दोन प्रकरणे सांगण्यासारखी आहेत. कॅलिफोर्नियात स्पॅनिश बोलणाऱ्या शेतमजुरांच्या भागातील काही मुलांना इंग्रजीतून घेतलेल्या बुद्धिमापन चाचण्यांवरून मंदबुद्धी ठरवून वेगळ्या वर्गात बसवले होते. त्यांच्याच भाषेत पुन्हा चाचणी घेतल्यावर बहुतेकांचा तो शिक्का खोटा ठरला. ‘डायना’ या नावाने ओळखला जाणारा हा दावा १९७० मध्ये तडजोडीने मिटला आणि मुलाची चाचणी त्याच्या घरच्या भाषेतही घेण्याचे राज्याला मान्य करावे लागले. दुसरे प्रकरण सॅन फ्रान्सिस्कोमधील चिनी मुलांचे. इंग्रजी न येणारी सुमारे १८०० मुले कोणत्याही खास मदतीशिवाय इंग्रजी वर्गांत बसत होती. सर्वांना तीच पुस्तके, तेच शिक्षक आणि तोच अभ्यासक्रम दिला म्हणजे समान वागणूक दिली असे होत नाही, असा निर्णय तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये दिला. तेव्हापासून तिथल्या शाळांत प्रवेशाच्या वेळीच घरी कोणती भाषा बोलतात याची नोंद घेण्याचा आणि गरज दिसल्यास ऐकणे, बोलणे, वाचणे, लिहिणे अशी चारही अंगे वेगवेगळी तपासण्याचा प्रघात रुळत गेला. ती पद्धत निर्दोष आहे असे नाही. ‘इंग्रजी शिकणारा’ हा शिक्का बसलेली कित्येक मुले वर्षानुवर्षे त्यातून बाहेर पडत नाहीत, अशी तक्रार तिथेही आहे. पण तिथे चाचणीचा उद्देश मदत कोणाला द्यायची ते ठरवणे हा असतो. आमच्या चाचणीचा उद्देश कोणाला वगळायचे ते ठरवणे हा होता.

राज्यपातळीवरही चित्र फार वेगळे नाही. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० साली महाराष्ट्राने मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू केली. त्यालाही आता पंचवीस वर्षे झाली. दहावीला इंग्रजीची लेखी परीक्षा ८० गुणांची आणि उरलेले २० गुण तोंडी व अंतर्गत कामाचे. मुलाचे बोलणे ऐकण्याची सगळ्या व्यवस्थेत मिळून तेवढीच एक जागा, आणि तिथे सरसकट सतरा-अठरा गुण देऊन मोकळे होण्याची सवय किती शाळांना आहे हे आपण सारे जाणतो. आम्हीही त्यातलेच. २०२१ च्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात दहावीच्या मुलांची इंग्रजी तपासली गेली, तीही पर्याय निवडण्याच्या प्रश्नांनी. पर्यायाच्या गोलात बोलणे मावत नाही.

‘असर’चे सर्वेक्षण त्या मानाने साधे आणि म्हणून अधिक उपयोगी वाटते. मुलाच्या घरी जाऊन, एकेकाला जवळ बसवून, मोठी अक्षरे, लहान अक्षरे, सोपे शब्द आणि सोपी वाक्ये वाचून घ्यायची. वाचता आले तर अर्थ विचारायचा, आणि तो मुलाने आपल्या भाषेत सांगितला तरी चालतो. २०२२ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी सुमारे २४.५ टक्क्यांना इंग्रजीतील सोपी वाक्ये वाचता आली. आठवीत हे प्रमाण निम्म्यापेक्षाही थोडे कमीच होते. या आकड्यांवरून छाती पिटणारे लेख आपण वाचतो. आम्हाला त्यातला ‘आपल्या भाषेत सांगितला तरी चालतो’ हा नियम सर्वांत महत्त्वाचा वाटतो. इंग्रजी कळली की नाही हे तपासताना उत्तरही इंग्रजीतच हवे, हा हट्ट सोडला की कितीतरी मुलांना इंग्रजी कळते आहे असे आढळते.

येथे काही जण म्हणतील की बाबासाहेबांनी इंग्रजीच्या बळावर जग जिंकले आणि तुम्ही आमच्या मुलांना कोलामीत आणि गोरमाटीत परत ढकलता. हा आक्षेप मनापासूनचा असतो, म्हणून त्याचे उत्तरही मनापासून देतो. आपण दरवर्षी ७ नोव्हेंबरला विद्यार्थी दिन साजरा करतो. १९०० साली त्या दिवशी बाबासाहेब साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले, ते इंग्रजी पहिलीच्या वर्गात. त्याआधीचे त्यांचे शिक्षण मराठीतून झालेले होते. पुढे कोलंबियात आणि लंडनमध्ये इंग्रजीतून प्रबंध लिहिणाऱ्या याच माणसाने १९२० मध्ये ‘मूकनायक’ आणि १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ मराठीतून काढले. त्यांच्याकडे दोन भाषा होत्या आणि दोन्हींचा त्यांनी पुरेपूर उपयोग केला. शिवाय बुद्धवचन छंदात बांधण्याची अनुज्ञा दोन भिक्षूंनी मागितली तेव्हा तथागतांनी ती नाकारली आणि आपल्या भाषेत ते शिकण्याची मुभा दिली, असे विनयपिटकाच्या चुल्लवग्गात आले आहे. ‘आपली’ म्हणजे कोणाची, यावर टीकाकारांत वाद आहेत. त्यात आम्ही शिरत नाही. बौद्धांनी चालवलेल्या शाळेला मुलाची घरची भाषा विचारण्याचा संकोच वाटू नये, एवढेच म्हणायचे आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५०-क मध्ये भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करावी असे सांगितले आहे. तेवढी सोय आपल्या आवाक्यात नाही. विचारणे तरी आवाक्यात आहे.

म्हणून संस्थेपुढे आम्ही ठेवतो आहोत ती मागणी लहान आहे. आठवीच्या आरंभीची लेखी चाचणी तुकडी ठरवण्यासाठी वापरणे यंदापासून थांबवावे. तिच्या जागी पाचवीत प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक मुलाशी एका शिक्षकाने पंधरा मिनिटे बसून बोलावे. एखादे चित्र समोर ठेवावे, बाजाराचे, शेताचे किंवा कॉलरीच्या फाटकाचे. मुलाने त्याविषयी आधी घरच्या भाषेत, मग मराठीत आणि शेवटी इंग्रजीत जे सुचेल ते सांगावे. इंग्रजीत दोन शब्द आले तर दोन लिहावेत. सोप्या सूचना इंग्रजीतून द्याव्यात आणि मूल त्याप्रमाणे करते का ते पाहावे. बियाण्याच्या पिशवीवरचा किंवा औषधाच्या वेष्टनावरचा मजकूर वाचायला द्यावा आणि अर्थ कोणत्याही भाषेत घ्यावा. गणिताचे एकच उदाहरण मराठीत आणि इंग्रजीत वेगवेगळ्या दिवशी द्यावे, म्हणजे अडचण गणिताची आहे की भाषेची ते उघड होईल. ही नोंद मार्चमध्ये पुन्हा करावी आणि मुलाची तुलना त्याच्याच जूनमधल्या नोंदीशी करावी, शेजारच्याशी नव्हे. २०१० पासून आपल्या शाळांत लागू असलेल्या आकारिक मूल्यमापनात तोंडीकामाला जागा आहेच. नवीन परवानगी कोणाची लागत नाही. लागतो तो वेळ. शंभर मुलांना पंधरा मिनिटांप्रमाणे पंचवीस तास होतात, आणि जूनमध्ये पुस्तकवाटप, गणवेश आणि ऑनलाइन माहिती भरण्याच्या धांदलीत ते कुठून काढायचे हा प्रश्न खरा आहे.

त्याहून मोठी अडचण अशी की आम्हा भाषाशिक्षकांपैकी एकालाही कोलामी येत नाही. गोंडी जेमतेम समजते. गोरमाटी समजणारे एक, तेलुगू समजणारे कोणी नाही. मूल घरच्या भाषेत बोलले तर ते ऐकणार कोण? येथे माजी विद्यार्थ्यांची गरज आहे. पोडांवरची, तांड्यांवरची, कॉलरीतली जी मुले या विद्यालयातून शिकून गेली, त्यांच्याकडे ते आहे जे आमच्याकडे नाही. येत्या जूनमध्ये प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यात दोन दिवस विद्यालयात येऊन आमच्याशेजारी बसावे, अशी त्यांना विनंती आहे. राहण्याची सोय वसतिगृहात होईल. जेवण मुलांच्या पंगतीत. नावे कार्यालयात नोंदवावीत. प्रवेश अर्जात यंदा एक ओळ वाढवली आहे. ‘मातृभाषा’ या शब्दापुढे लोक सवयीने मराठीच लिहितात, म्हणून प्रश्न वेगळ्या शब्दांत घातला आहे : घरी आजी तुमच्याशी कोणत्या भाषेत बोलते?